बिनधास्त फॉरमॅट करा, काका!

'सॉफ्टवेअर हँग होतंय गं.'

हे वाक्य मी २०२४ सालात किती वेळा बोलले असेन, याचा हिशेब नाही. जानेवारीत खरं म्हणून बोलले. फेब्रुवारीत अर्धं खरं म्हणून. आणि मार्चपासून पुढे चक्क थाप म्हणून. गंमत म्हणजे समोरच्याने प्रत्येक वेळी ते निमूट ऐकून घेतलं. आपल्या पिढीला मिळालेलं हे सगळ्यात सेफ कारण आहे, नाही का? पूर्वी लोक आजीला आजारी पाडायचे, आपण सॉफ्टवेअरला पाडतो.

तर झालं काय...

माझ्या जिवलग मैत्रिणीचं लग्न ठरलं. तिचं नाव छापलं तर ती मला कच्चं खाईल, म्हणून इथे आपण तिला नुसतं 'नवरी' म्हणू. कॉलेजची तीन वर्षं आम्ही पुण्यात एका खोलीत आणि एका डब्यावर काढलेली. लग्न डिसेंबर २०२३ मध्ये, तिच्या गावी, वाईला. व्हिडिओवाल्याने 'सिनेमॅटिक' की काय त्या फिल्मचा जो आकडा सांगितला, तो ऐकून तिचे बाबा, म्हणजे आमचे काका, बसल्या खुर्चीतून उठूनच उभे राहिले. आणि मी, कॉलेजात दोन शॉर्टफिल्म्स एडिट केल्याच्या भांडवलावर, फुल टू हवेत म्हणाले, "काका, नुसता फोटोवाला ठेवा. फिल्म मी करते!"

मंडळी, एक फुकटचा सल्ला. मैत्रिणीच्या लग्नात मेंदी काढा, रुखवत मांडा, नवऱ्याचे जोडे पळवा. पण 'फिल्म मी करते' हे चार शब्द तेवढे तोंडातून काढू नका. (तीनच शब्द आहेत का? बघा, माझ्या हिशेबाची तेव्हापासून ही अशी गत आहे.)

कॅमेरे तीन प्रकारचे होते. एक, नवरीच्या भावाचा नवाकोरा मिररलेस. दोन, आम्हा सगळ्या मैत्रिणींचे मोबाइल. आणि तीन, काकांचा हॅण्डीकॅम. काका पोस्टातून २०१४ साली रिटायर झाले, तेव्हा फंडाच्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी म्हणून घेतलेली ती एकमेव वस्तू. त्यावरचं 'फुल एचडी'चं चकचकीत स्टिकर त्यांनी नऊ वर्षांत काढलं नव्हतं. गल्लीतलं बारसं असो, घाटावरचा उत्सव असो, काका कॅमेरा घेऊन हजर. लग्नाच्या दिवशी कन्यादान सोडून त्यांना शूटिंग कोण करू देणार? म्हणून आदल्या दिवशीच, हळदीपासून रात्रीपर्यंत, त्यांनी सगळी हौस भागवून घेतली.

लग्नाच्या रात्री कार्यालयाच्या एका खोलीत मी लॅपटॉप उघडून बसले. एका चार भोकांच्या स्वस्त यूएसबी हबला कार्ड रीडर, पोर्टेबल हार्ड डिस्क आणि कोणाकोणाचे दोन मोबाइल चार्जिंगला. खाली पुण्याची गाडी हॉर्न मारतेय. तेवढ्यात काका आले आणि खिशातून कार्ड काढून म्हणाले, "बाळा, माझ्याकडे हे एकच आहे. उतरवून घे आणि लगेच परत दे."

मी कार्ड लावलं. आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर, त्याच्याही आत फोल्डर. वैतागून सगळ्यात आतल्या मोठ्या मोठ्या फायली तेवढ्या उचलल्या, कॉपी केल्या, हिरवी पट्टी संपली आणि हार्ड डिस्कची वायर ओढून बॅगेत टाकली. कार्ड काकांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "झालं. बिनधास्त फॉरमॅट करा, काका!"

हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी कॉफीचा मग वगैरे घेऊन थाटात बसले. एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, सगळ्या क्लिप्स, चारशेच्या वर, एकदम सिलेक्ट केल्या आणि इम्पोर्टचं बटण दाबलं. पट्टी सरकली. पट्टी थांबली. स्क्रीन दुधासारखा पांढरट झाला आणि वरती ते जगप्रसिद्ध 'नॉट रिस्पॉन्डिंग'. मी वाट पाहिली. मॅगी खाऊन आले. अंघोळ करून आले. नॉट रिस्पॉन्डिंग!

मग आपण सगळे जे करतो ते सगळं केलं. रीस्टार्ट. पुन्हा रीस्टार्ट. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट केला. सी ड्राइव्ह भरलाय म्हणून सगळं डाउनलोड उडवलं. फोल्डरचं नाव मराठीत 'हळद' असं दिलं होतं, त्याचा राग आला असेल म्हणून तेही बदललं. ऑफिसातल्या एका पोराने छातीठोकपणे सांगितलं, "रॅम वाढव, मक्खन चालेल." चार हजारांची रॅम घातली. आता ते आणखी जोरात हँग व्हायला लागलं.

आठ दिवस हे चाललं. डोक्याची पार मंडई झाली. नवव्या दिवशी मी लॅपटॉप बंद केला आणि नवरीला मेसेज टाकला, 'सॉफ्टवेअर हँग होतंय गं. बघते.'

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझा पोटापाण्याचा धंदा काय, तर मी खराडीच्या एका आयटी कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधले बग शोधण्याचा मला पगार मिळतो. एखादा डेव्हलपर 'काय झालं माहीत नाही, चालतच नाही' असं म्हणाला तर मी त्याची शाळा घेते. कधी चालत नाही? काय केल्यावर चालत नाही? एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि काय झालं ते लिहून ठेव! हे मी दिवसातून चार वेळा बोलते. आणि घरी आल्यावर एकदम सात गोष्टी बदलून, एकही लिहून न ठेवता, नशिबाला बोल लावत होते.

काकांचा पहिला फोन जानेवारीच्या अखेरीस आला. काका कधी थेट विचारायचे नाहीत. आधी माझ्या आईची तब्येत, मग पुण्यातली थंडी, मग, "बाकी तुझं ते मशीन कसं आहे? दुरुस्त झालं का?"

"हँग होतंय हो काका. मोठ्या फायली आहेत ना, एचडी."

"हां, एचडी म्हणजे जड असणारच," काका समजूतदारपणे म्हणाले. "सावकाश कर. इकडे आमची टाकी गळतेय. तिचा पण व्हिडिओ काढलाय मी, प्लंबरला दाखवायला. तोंडी सांगून ऐकत नाही तो."

दुसरा फोन मार्चमध्ये. तोवर अप्रेझलचा सीझन होता, एक रिलीज डोक्यावर होता, आणि खरं सांगायचं तर त्या फोल्डरवर मी महिनाभर क्लिकसुद्धा केलं नव्हतं. "होतंय काका, थोडंच राहिलंय," मी म्हणाले. थोडंच! टाइमलाइनवर एक फ्रेम नव्हती. त्याच सुमारास नवरीने विचारणं बंद केलं. क्लायंट फॉलोअप करायचा थांबला की आपण सुटकेचा श्वास टाकतो ना, तसा मी टाकला.

मे महिन्यात काका गेले. पहाटे छातीत दुखायला लागलं, साताऱ्याला नेईपर्यंत सगळं संपलं. मी तेराव्याला वाईला गेले. फिल्मचा विषय कोणी काढला नाही. नवरीने मला ताटावर बसवलं, आग्रह केला, निघताना एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली. एकदा तरी ओरडली असती तर बरं झालं असतं.

ऑगस्टमध्ये तिचा मेसेज आला. 'फिल्म राहू दे. बाबांच्या हॅण्डीकॅमच्या क्लिप्स तेवढ्या नुसत्या दे. त्यात त्यांचा आवाज आहे.'

त्या रात्री मी पहिल्यांदा टेस्टरसारखी बसले. वही घेतली. तारीख टाकली.

पहिलं काम, सगळं हार्ड डिस्कवरून लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर आणलं. हबमधून किंवा कार्डावरून थेट इम्पोर्ट करू नये, एक ढिली वायर सगळं बसवते. दुसरं काम, तीन कॅमेऱ्यांचे तीन फोल्डर वेगळे केले. मग एकेक फोल्डर वेगळ्या, रिकाम्या प्रोजेक्टमध्ये.

मोबाइलच्या क्लिप्स पटकन आत आल्या. (मोबाइल प्रकाशाप्रमाणे दर सेकंदाच्या फ्रेम्स कमीजास्त करतो, त्यामुळे पुढे आवाज आणि ओठ यांची फारकत होते. पण त्यावर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून क्लिप नव्याने बनवली की काम होतं. तो आजचा विषय नाही.)

मिररलेसचा फोल्डर टाकला आणि स्क्रीन पांढरा! पण या वेळी मी टास्क मॅनेजर उघडून ठेवला होता. त्यात प्रोसेसर शंभर टक्क्यांवर नाचत होता. म्हणजे गडी मेला नव्हता, घाम गाळत होता. पंचवीस मिनिटांनी सगळ्या क्लिप्स आत आल्या. जानेवारीत मी याच गड्याला प्रत्येक वेळी दहाव्या मिनिटाला मान पिरगाळून मारत होते, बोला!

असं का होतं, ते मी मग शोधून काढलं आणि मला ते जाम आवडलं. जुन्या मिनी डीव्ही टेपवर प्रत्येक फ्रेम सुटी, पूर्ण साठवलेली असायची. २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिकने एव्हीसीएचडी आणलं, तेव्हा एचडी चित्र छोट्या कार्डात मावावं म्हणून दुसरी युक्ती वापरली. आपल्या किराणावाल्याची उधारीची वही आठवा. पहिल्या ओळीत 'साखर एक किलो' असं पूर्ण लिहितो आणि खाली नुसत्या दोन रेघा, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. जिथे काही बदललं तेवढंच लिहायचं. व्हिडिओचंही तसंच. मध्ये मध्ये एक फ्रेम पूर्ण, आणि अधल्यामधल्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं ते. जागा भरपूर वाचते. पण पंधरावी ओळ वाचायची तर कॉम्प्युटरला दर वेळी वर जाऊन पहिली ओळ शोधावी लागते. नुसतं बघताना हे जमतं, कारण आपण वही वरून खाली वाचतो. एडिटिंग म्हणजे मात्र कुठलंही पान कुठूनही उघडायचं! त्यापुढचा २०१३ सालचा एच.२६५ हा प्रकार तर आणखी कंजूस. भावाने कॅमेऱ्यात 'सगळ्यात बेस्ट क्वालिटी' म्हणून १० बिट, ४:२:२ असं काहीतरी लावून ठेवलं होतं. त्या पद्धतीची वही वाचायला बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना येतच नाही, माझ्याही नाही, त्यामुळे सगळं ओझं बिचाऱ्या प्रोसेसरवर.

यावर उपाय म्हणजे वही सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. प्रोरेससारखा एडिटिंगसाठीच बनवलेला फॉरमॅट घ्यायचा, ज्यात प्रत्येक फ्रेम पुन्हा पूर्ण असते. किंमत म्हणजे जागा. हॅण्डीकॅमचं तासाभराचं फुल एचडी शूटिंग साताठ जीबीत मावतं, तेच प्रोरेस ४२२ मध्ये, सेकंदाला २५ फ्रेम्सच्या हिशेबाने, सुमारे ५५ जीबी होतं. तेवढी डिस्क नसेल तर प्रॉक्सी करायच्या, म्हणजे कामापुरत्या हलक्या कॉपी. एडिटिंग त्यांच्यावर, आणि शेवटी फिल्म मात्र मूळ क्लिप्समधून निघते. मी रात्री प्रॉक्सी लावून झोपले आणि सकाळी उठून बघते तर मिररलेसचं सगळं लोण्यासारखं चालतंय! इतकं साधं? मी आठ महिने काय करत होते?

राहिला काकांचा फोल्डर. अडतीस क्लिप्स. टाकल्या, पट्टी सरकली, थांबली, स्क्रीन पांढरा. टास्क मॅनेजरमध्ये बघते, तर प्रोसेसर शांत. डिस्क शांत. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तास. घाम नाही, धडपड नाही. हा खरा हँग.

अशा वेळी आमच्या धंद्यात अर्धं-अर्धं करतात. पहिल्या एकोणीस टाकल्या, आल्या. उरलेल्या एकोणीसपैकी दहा टाकल्या, आल्या. नऊपैकी पाच आल्या. चारपैकी दोन. मग एक. आणि उरली शेवटची, अडतिसावी. ती एकटी टाकली आणि सॉफ्टवेअर गपगार. जानेवारीपासून चारशे क्लिप्सना वेठीला धरणारी ही एक क्लिप होती.

ती व्हीएलसी प्लेअरमध्ये लावली. हळदीच्या दिवशीची रात्र. काकांच्या घरातली बाहेरची खोली, शोकेसवरून दिसते तशी. कॅमेरा हलत नाही, म्हणजे बंद केला असं समजून काकांनी ठेवून दिला असणार. कोणीतरी ये-जा करतंय. सहा मिनिटं काहीच घडत नाही. मग काका स्वतः फ्रेममध्ये येतात, टॉवेल-टोप्यांचा गठ्ठा घेऊन सतरंजीवर बसतात, मागोमाग नवरी येते, काका तोंड उघडतात...

आणि चित्र गोठलं.

फाईलचा आकार तर बरोबर होता, दोन जीबीच्या आसपास. म्हणून आतले बाइट्स दाखवणारं एक छोटं टूल लावून बघितलं. अशी फाईल म्हणजे १९२ बाइट्सच्या छोट्या छोट्या पाकिटांची माळ असते. सुरुवातीला पाकिटं नीट ओवलेली, आणि एका जागेनंतर नुसती शून्यं. शून्य, शून्य, शून्य, शेवटपर्यंत. विंडोजने डिस्कवर जागा अडवून ठेवली होती, पण माल उतरायच्या आत कोणीतरी वायर ओढली होती. 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर' असं जे खाली कोपऱ्यात असतं आणि ज्याच्याकडे आपण आयुष्यात कधी बघत नाही, ते याचसाठी असतं. आणि सॉफ्टवेअर बिचारं त्या शून्यांच्या ढिगात पुढचं पाकीट शोधत बसलं होतं.

कोणीतरी ओढली होती म्हणे! मीच ओढली होती. आणि वर काकांना सांगितलं होतं, बिनधास्त फॉरमॅट करा.

आता जे करायचं होतं ते मेसेजवर करण्यासारखं नव्हतं. शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. खंबाटकी घाटात पावसाने समोरचं काही दिसत नव्हतं, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. 'टेक्निकल इश्यू आला होता' इथपासून सुरुवात करून सुरूर फाट्यापर्यंत मी सगळी वाक्यं खोडून काढली.

नवरी त्या शनिवार-रविवारी आईकडे आली होती. काकू ढोल्या गणपतीला गेलेल्या. मी चहा व्हायच्या आधीच सांगून टाकलं. हँग होत होतं ते आठच दिवस, बाकी मी खोटं बोलत होते. शेवटची क्लिप मी नीट उतरवून घेतली नाही. काकांना मीच फॉरमॅट करायला सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही.

"बाबा रोज विचारायचे," मग म्हणाली. "मी सांगायचे, तिला ऑफिसचं फार काम आहे. तुझ्या वतीनं मी थापा मारत होते, कळलं?"

मी मान हलवली. काय बोलणार?

"ते कार्ड त्या कॅमेऱ्यातच आहे," ती म्हणाली. "त्यानंतर कोणी हात नाही लावला." तिने कपाटातून नॅपकिनमध्ये गुंडाळलेला हॅण्डीकॅम काढला. फुल एचडीचं स्टिकर होतंच. कार्ड काढून माझ्या हातात देताना तिने क्षणभर सोडलंच नाही. "इथेच कर. पुण्याला घेऊन जायचं नाही."

बरोबरच होतं तिचं.

फॉरमॅट केलं म्हणजे सगळं पुसलं जातं असं आपल्याला वाटतं. पण कॅमेरे बहुतेक वेळा नुसती अनुक्रमणिका फाडतात, पानं आतच असतात. नवं शूटिंग त्यावर छापलं जाईपर्यंत ती शाबूत असतात. म्हणून चूक कळल्याक्षणी त्या कार्डावर काहीही नवीन काढायचं नाही, हा पहिला नियम. मी कार्डाच्या कडेची ती इवलीशी कडी 'लॉक'कडे सरकवली, अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी एक इमेज लॅपटॉपवर उतरवली आणि कार्ड लगेच तिच्या हातात परत दिलं. मग त्या इमेजवर फोटोरेक सोडलं. हे फुकट मिळतं, दिसायला काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं, ग्लॅमर शून्य. फाडलेल्या अनुक्रमणिकेच्या नादाला न लागता ते पानन्‌पान चाळतं आणि कुठली फाईल कुठे सुरू होते ते ओळखून काढतं.

धाकधूक एवढीच होती की फॉरमॅट केल्यावर काकांनी त्यावर काय आणि किती काढलंय?

अकरा मिनिटं. टाकी.

गच्चीवरची सिमेंटची टाकी, तिच्या बुडातून ठिबकणारं पाणी, आणि मागून काकांची कॉमेंट्री. "हे बघा, हा पहिला जॉइंट. इथून नाही. तुम्ही म्हणालात इथून, पण इथून नाही. आता हा दुसरा बघा." त्या अकरा मिनिटांनी कार्डाची सुरुवातीची जागा खाल्ली होती. तिथे आधी हळदीच्या सकाळच्या क्लिप्स होत्या, आणि त्या माझ्याकडे धडधाकट होत्या. शेवटची क्लिप कार्डाच्या पार पुढच्या भागात होती. तिथपर्यंत टाकीचं पाणी पोचलं नव्हतं.

अर्ध्या तासाने फोटोरेकने एक ढीग काढून दिला. नावं सगळी गेलेली, नुसते आकडे. आम्ही दोघी डायनिंग टेबलावर एकेक उघडत बसलो. बाविसावी उघडली तर शोकेसवरून दिसणारी खोली. मी सहाव्या मिनिटावर नेली. काका टोप्या घेऊन बसतात, नवरी येते, काका तोंड उघडतात...

"एकावन्न आणल्या होत्या. एकोणपन्नासच आहेत."

"बाबा, दोन मघाशी मामांना दिल्या."

"लिहून ठेवलंस? नाही ना? आणि ते वायफायचं पासवर्ड कागदावर लिहून फ्रिजला चिकटव. उद्यापासून मी कोणाला विचारू?"

"फोन करा की मला."

"तो फोन वायफायवरच चालतो ना गं?"

पुढची दहा मिनिटं टोप्या मोजणं चालू होतं. एकदा पन्नास भरल्या, एकदा अठ्ठेचाळीस. नवरी हसायला लागली आणि हसता हसता तिने लॅपटॉपच्या स्क्रीनवर अंगठा टेकवला, काकांच्या टोपीवर. मी उठून चहाचं बघायला गेले. स्वयंपाकघरात फ्रिजवर तो कागद होता, सेलोटेपने चिकटवलेला.

इम्पोर्ट मात्र मी पुण्याला येऊन, श्वास रोखून केलं. आधी क्लिप प्रोरेसमध्ये बदलून घेतली, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली, वायर काढताना खाली कोपऱ्यात क्लिक करून सभ्यपणे परवानगी मागितली. पट्टी सरकली आणि शेवटपर्यंत गेली. नोव्हेंबरपर्यंत फिल्म झाली. काही ग्रेट नाही, बत्तीस मिनिटांची आहे, दोन गाणी उगाच लांबलीत. नवरीने दोनदा दुरुस्त्या काढल्या आणि पहिल्यांदाच मला चांगलं फैलावर घेतलं, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

तिची एकच अट होती. शेवटी नावं येऊन गेली की टाकी पाहिजे.

डिसेंबर २०२४ मध्ये, लग्नाच्या वाढदिवसाला, वाईच्या त्याच बाहेरच्या खोलीत आम्ही ती टीव्हीवर लावली. नवरी, जावई, भाऊ, शेजारचे दोघंतिघं. काकू खुर्चीत ताठ बसून बघत होत्या. हळद झाली, टोप्या झाल्या, लग्न लागलं, नावं आली. मग पडदा काळा, आणि गच्चीवरची टाकी. "हे बघा, हा पहिला जॉइंट..."

खोलीत कोणी बोललं नाही. काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "त्या प्लंबरचे साडेतीनशे द्यायचे राहिलेत की अजून."